नकलेचा आळ : ‘रॉक एन रोल रेनेगेड’ पुन्हा ऐकताना

आमच्या भागातल्या दिवाळी अंकांत नाट्यसंगीतावर लेख येतात, अभंगवाणीवर येतात, क्वचित एखादा गझलेवरही येतो. हार्ड रॉक नावाच्या इंग्रजी गोंगाटावर कुणी लिहिल्याचे मला आठवत नाही. संपादकांनी ‘या वर्षी संगीतावर काही द्या’ असे म्हटले, तेव्हा त्यांच्या मनात हुमनाबादजवळचे माणिकनगर असावे. माणिकनगरही या लेखात येईल. पण त्याआधी एक जुनी चूक निस्तरायची आहे, आणि ती मी चारचौघांत केलेली असल्यामुळे निस्तरायलाही चारचौघांतच हवी.

१९९० साली भालकीत आम्ही काही मंडळी महिन्यातून एकदा वाचनासाठी जमत असू. एका बैठकीत ‘आजच्या तरुणांचे संगीत’ या विषयावर बोलायचे माझ्याकडे आले. माझा भाचा त्या वेळी गुलबर्ग्यात इंजिनिअरिंगला होता. (गुलबर्ग्याचे कलबुर्गी २०१४ साली झाले, जुन्या आठवणीत मी जुनेच नाव ठेवतो.) त्याने पुण्याहून एक कॅसेट आणली होती. ‘मामा, हे ऐका की! आपल्या मुंबईच्या पोरांचं आहे,’ असे म्हणून त्याने ती माझ्या हातात दिली. गटाचे नाव ‘रॉक मशीन’, कॅसेटचे नाव ‘रॉक एन रोल रेनेगेड’, साल १९८८. मी ती दीड वेळा ऐकली आणि बैठकीत सांगून टाकले, की ही निव्वळ नक्कल आहे. गाणारे आपले, गळा परका. यात आपल्या मातीचे काही नाही. मंडळींनी माना डोलावल्या. भाचा मागच्या रांगेत बसला होता. त्याने स्वतः त्या वर्षी इंग्रजीत तीन गाणी रचली होती, हे मला ठाऊक होते. चौथे त्याने रचले नाही.

या उन्हाळ्यात तीच कॅसेट त्याच्याच घरी, दुरुस्त करून घेतलेल्या जुन्या टेपवर, मी सलग तीनदा ऐकली. तेव्हाचा निकाल चुकीचा होता, असे आज माझे मत आहे. ते का, हे नीट मांडण्यासाठी हा लेख.

आधी हा गट कोणता, ते सांगायला हवे. ‘रॉक मशीन’ १९८४ साली मुंबईत सुरू झाला. उदय बेनेगल हा गायक, महेश तिनईकर आणि जयेश गांधी गिटारवर, झुबिन बालापोरिया की-बोर्डवर, मार्क सेल्विन बेसवर आणि मार्क मेनेझिस ड्रमवर, अशा सहा जणांच्या नावांनी तो पुढे ओळखला गेला. आडनावे वाचली तरी मुंबई दिसते. १९८८ साली त्यांची ही पहिली ध्वनिफीत आली, १९९० साली दुसरी, ‘द सेकंड कमिंग’. त्यानंतर उपग्रह वाहिन्या आल्या, गाण्यांबरोबर चित्रफिती आल्या, आणि गटाचे नाव देशभर झाले. १९९३ साली त्यांनी नाव बदलून ‘इंडस क्रीड’ केले. १९९५ साली त्याच नावाची ध्वनिफीत काढली. १९९७ साली गट विखुरला. २०१० साली पुन्हा जमला आणि २०१२ साली ‘इव्हॉल्व्ह’ नावाची ध्वनिफीत त्यांनी दिली. या गटाविषयी आजवर जे बोलले जाते, ते बहुतेक १९९० नंतरचे. पहिली ध्वनिफीत म्हणजे मोठ्या माणसाचे बालपणीचे छायाचित्र; पाहायचे, हसायचे आणि पुढचे पान उलटायचे, अशी तिची गत झाली. आणि ज्यांनी तिच्याकडे लक्ष दिले, त्यांतल्या काहींनी माझ्यासारखेच केले.

आता हार्ड रॉक म्हणजे काय, हे ज्यांनी कधी ऐकले नाही त्यांच्यासाठी थोडे. या संगीताचा कणा विजेच्या गिटारीचा. ध्वनिवर्धकाला झेपेल त्याहून अधिक जोराचा स्वर त्यात सोडला, की ध्वनिलहरीची टोके छाटली जातात, मूळ स्वरात नसलेले उपस्वर त्यात भरतात आणि आवाजाला खरखरीत दाटपणा येतो. आपण ज्याला बिघाड म्हणू, त्यालाच इथे अलंकार केले आहे. अशा खरखरीत आवाजात तीन-चार स्वरांचा मेळ गढूळ होतो; म्हणून हे वादक पुष्कळदा दोनच स्वर एकत्र छेडतात, षड्ज आणि पंचम. मधला गंधार गाळतात. गंधारच नाही म्हटल्यावर तो शुद्ध की कोमल हा प्रश्नही उरत नाही. गाणे हसते आहे की रडते आहे हे केवळ त्या मेळावरून कळत नाही, ते गायकाला ठरवावे लागते. ज्यांच्या घरी पंचमाला लावलेला तानपुरा आहे, त्यांना ही जोडी अनोळखी नाही. तिसरी गोष्ट म्हणजे गिटारीची एक छोटी, पुनःपुन्हा येणारी स्वराकृती. आपल्याकडे भजनात धृपदाशी जसे सगळे परत येतात, तसे इथे सगळे त्या आकृतीशी परत येतात. आणि चौथी, चार मात्रांच्या आवर्तनात दुसऱ्या व चौथ्या मात्रेवर पडणारा ड्रमचा ठोका. आपला कान समेवर जोर शोधतो, म्हणून पहिल्यांदा ऐकताना आपण चुकतो. मीही चुकलो होतो.

एवढी तयारी ठेवून ही ध्वनिफीत ऐकली, तर काय ऐकू येते? पहिली गोष्ट, वादन कच्चे नाही. गिटारी एकमेकींच्या अंगावर न पडता एकमेकींना जागा देतात. की-बोर्ड पोकळी भरण्यासाठी नाही, त्याला स्वतःचे काम आहे. गायकाचा गळा उंच पट्टीत मोकळा आहे. उणिवाही स्पष्ट आहेत. उच्चार अटलांटिकपलीकडचे आहेत. ज्या गटांची छाया पडली आहे, ती लपलेली नाही. आणि शब्द ऐकताना मुंबईचा पाऊस, लोकल किंवा चाळ माझ्या कानाला कुठे लागली नाही. १९९० साली मी एवढेच पाहिले आणि थांबलो. यातले एकही विधान मी आज मागे घेत नाही. मागे घेतो तो त्यांवरून काढलेला निष्कर्ष.

कारण एक साधी गोष्ट मी तेव्हा विचारात घेतली नव्हती. ही सारी गाणी त्यांची स्वतःची होती. आज यात विशेष वाटणार नाही; तेव्हा होते. आपल्या देशात इंग्रजी गाणारे गट १९६० पासून पुष्कळ झाले. १९७० आणि १९७१ साली एका सिगारेट कंपनीने ‘सिमला बीट’ या नावाने देशभरच्या गटांच्या स्पर्धा घेतल्या आणि त्यांच्या तबकड्याही काढल्या. पण श्रोत्यांना हवी असत ती परदेशातली गाजलेली गाणी, जशीच्या तशी. जो गट हुबेहूब वाजवील तो थोर. हॉटेलात, महाविद्यालयाच्या संमेलनात, सगळीकडे हीच कसोटी. अशा वेळी ‘आम्ही आमचेच गाऊ’ असा आग्रह धरणे आणि त्याची पूर्ण ध्वनिफीत काढणे, हे धाडस होते. नक्कल करणाऱ्यांच्या बाजारात नक्कल नाकारणाऱ्यांना मी नक्कल करणारे ठरवले.

तुलनेसाठी परदेशातले एक उदाहरण घेऊ. ‘डीप पर्पल’ हा इंग्लंडचा गट या प्रकारातल्या सर्वांत मोठ्या गटांपैकी एक. आपल्याकडच्या गिटार शिकणाऱ्या पिढ्यान् पिढ्या त्याच्या गाण्यांवर बोटे घासत आल्या. त्यांची पहिली तबकडी १९६८ची, ‘शेड्स ऑफ डीप पर्पल’. तीत आठ गाणी. त्यांतली चार दुसऱ्यांची. एक तर थेट बीटल्सचे. गायक वेगळा, बेसवादक वेगळा, ढंगही पुढच्यापेक्षा निराळा. १९७० साली ‘इन रॉक’ आली आणि लोक पहिली तबकडी विसरले. पण ती पहिली निम्मी-उसनी तबकडी झाली नसती, तर पुढची स्वतःची झाली असती का? इंग्रजांच्या पोरांनी निम्मी गाणी उसनी घेतली तर ती उमेदवारी, आणि आपल्या पोरांनी सगळी स्वतः रचली तरी ती नक्कल; हा न्याय मी कोणत्या तराजूत तोलला होता, कोण जाणे.

कुणी म्हणेल, रचना स्वतःची असली तरी साचा परक्याचा ना? हा आक्षेप खरा आहे, आणि सीमाभागातल्या माणसाने तर तो फार जपून घ्यायला हवा. मराठी रंगभूमीचा आरंभ आपण १८४३ साली सांगलीत विष्णुदास भावे यांच्या ‘सीतास्वयंवरा’पासून मानतो. त्यामागची प्रेरणा कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींच्या खेळांची होती. अण्णासाहेब किर्लोस्कर गुर्लहोसूरचे, म्हणजे कानडी मुलखातले. १८८०च्या ‘शाकुंतला’पासून सुरू झालेल्या संगीत रंगभूमीवर कितीतरी पदे कानडी चालींवर बांधली गेली. आज त्या चाली ऐकून कुणी त्यांना परक्या म्हणत नाही. उलट ‘अस्सल मराठी’ म्हणून आपण डोळे मिटतो. केशवसुतांनी १८९२ साली चौदा ओळींचा इंग्रजी साचा मराठीत आणला. पुढे त्याला सुनीत म्हणू लागले आणि आज ते शाळेच्या पुस्तकात आहे. साचा उसना असणे हा दोष नव्हे. उसन्या साच्यात ओतायला आपल्याजवळ काही आहे का, हा प्रश्न. आणि तो प्रश्न पहिल्याच दिवशी विचारायचा नसतो.

आता भाषेचा मुद्दा. ‘इंग्रजीत का गायले?’ असे मी त्या बैठकीत विचारले होते. याचे एक उत्तर संगीतातच आहे. इंग्रजीत शब्दातल्या एका अवयवावर जोर पडतो, बाकीचे दबतात. ड्रमच्या ठोक्याला असा जोर आयता सापडतो. मराठीत ऱ्हस्व-दीर्घाचे राज्य. अक्षरे मात्रांनी चालतात. त्यामुळे हा ताल मराठीत आणायचा तर शब्दांची घडणच वेगळी करावी लागते. ते अशक्य नाही, हे एका मराठी माणसाने फार पूर्वी दाखवले होते, आणि त्याची आठवण इथे काढलीच पाहिजे.

नंदू भेंडे हे आत्माराम भेंडे आणि आशा भेंडे यांचे चिरंजीव. वडील मराठी रंगभूमीचे. आई मूळच्या बेने इस्रायली एझिकेल घराण्यातल्या, इंग्रजीत कविता लिहिणारे निसीम एझिकेल हे त्यांचे बंधू. म्हणजे घरात मराठी नाटक आणि इंग्रजी कविता एका ताटात जेवत होती. नंदू भेंडे ‘वेल्व्हेट फॉग’ आणि ‘ॲटॉमिक फॉरेस्ट’ अशा गटांतून इंग्रजी रॉक गायले. १९७४ साली अलेक पदमसी यांच्या ‘जीझस ख्राइस्ट सुपरस्टार’मध्ये त्यांनी ज्यूडास उभा केला. आणि १९७८ साली पु. ल. देशपांडे यांच्या ‘तीन पैशाचा तमाशा’त, जब्बार पटेल यांच्या दिग्दर्शनाखाली, ते मराठीत गायले. मूळ नाटक ब्रेख्टचे, १९२८चे; त्याचाही आधार दोनशे वर्षांपूर्वीचे इंग्रजी नाटक. पुलंनी ते मराठीत आणताना लावणी, नाट्यपद आणि पाश्चात्य ढंग शेजारी शेजारी बसवले, आणि पाश्चात्य ढंगाच्या जागी रॉक गाऊन तयार झालेला गळा कामी आला. इंग्रजी गाण्यातली ती उमेदवारी नसती, तर मराठी रंगभूमीला तो गळा मिळाला नसता. नंदू भेंडे २०१४ साली गेले. ‘ॲटॉमिक फॉरेस्ट’ची ‘ऑब्सेशन ७७’ ही एकुलती तबकडी गट मोडल्यावर, १९८१ साली निघाली आणि विस्मरणात गेली. २०११ साली ती पुन्हा काढली ती अमेरिकेतल्या एका कंपनीने. आपल्या घरातले जुने भांडे शेजाऱ्याने घासून चकाकते करावे आणि मग आपण म्हणावे, ‘अरे, हे तर आमचे!’, असा हा प्रकार.

‘रॉक मशीन’कडे परत येऊ. १९९३ साली त्यांनी नाव बदलले, सिंधू नदीला नावात घेतले आणि पुढच्या संगीतात भारतीय रंग आणला. समीक्षकांना ते रुचले. आता कुठे हे आपले झाले, असा सूर निघाला. मला मात्र आज ती पहिली ध्वनिफीत अधिक सच्ची वाटते. भारतीयपणा दाखवण्याची तिला गरज वाटत नाही. विशीतल्या मुंबईच्या पोरांना जे संगीत मनापासून आवडले, ते त्यांनी मनापासून केले. त्यात मुंबई ऐकू येत नाही, असे मी वर म्हटले. पण इंग्रजी शाळेत शिकलेल्या, घरात एक आणि रस्त्यावर दोन भाषा बोलणाऱ्या पोरांची मुंबई अशीच असेल, तर? मी शोधत होतो ती माझ्या वाचनातली मुंबई होती.

आणि त्या नावाचा अर्थ. ‘रेनेगेड’ म्हणजे नुसता बंडखोर नव्हे. आपला पक्ष सोडून दुसरीकडे गेलेला, फितूर. त्या पोरांनी तो शब्द मिरवण्यासाठी घेतला असेल. पण आपल्याला तो शब्द चांगला ठाऊक आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्य मोडले. उदगीर, निलंगा, अहमदपूर तिकडे गेले आणि भालकी, औराद, बसवकल्याण, हुमनाबाद इकडे राहिले. तेव्हापासून आपण दोन्हीकडचे फितूर. पुण्याला गेलो की आपल्या बोलण्यातला कानडी हेल ऐकून कुणीतरी हसते. बंगळूरला गेलो की आपल्या कानडीतले मराठी ऐकून दुसरे कुणी हसते. मी पहिल्यांदा पुण्यात एका सभेत निबंध वाचला, तेव्हा एका श्रोत्याने ‘तुमची मराठी भाषांतरासारखी वाटते’ असे म्हटले होते. त्या वाक्याने मी वर्षभर काही लिहिले नाही. आणि तेच वाक्य, जवळजवळ तसेच, मी १९९० साली त्या कॅसेटविषयी बोललो, माझ्या भाच्यासमोर. ज्या काठीचे वळ आपल्या पाठीवर आहेत, तीच काठी आपण किती सहज उचलतो!

माणिकनगरचे बोलायचे राहिले. माणिक प्रभूंनी (१८१७ ते १८६५) मराठीत पदे रचली, कानडीत रचली, हिंदुस्थानीत रचली. मार्गशीर्षात दत्तजयंतीच्या उत्सवात तिथे दरबार भरतो आणि त्या सगळ्या भाषांतली पदे एकाच रात्रीत गायली जातात. ‘यातली मूळची कोणती आणि उसनी कोणती?’ असे तिथे कुणी विचारताना मी ऐकले नाही. मी चाळीस वर्षे त्या दरबाराला जातो, आणि तरीही मुंबईच्या सहा पोरांना भाषेचा परवाना विचारत होतो.

भाच्याची मुलगी आता सतरा वर्षांची आहे. बंगळूरला वाढली. ती गाणी रचते. एका कडव्यात मराठी, दुसऱ्यात कानडी, मध्येच इंग्रजी. या उन्हाळ्यात तिने एक गाणे गिटारीवर म्हणून दाखवले आणि विचारले, ‘आजोबा, याला मराठी गाणं म्हणायचं का?’ तिचे वडील खिडकीपाशी उभे होते. ते वळले नाहीत, पण ऐकत होते. मी म्हटले, ‘अजून दहा रच. मग आपण नाव शोधू.’ हेच मी १९९० साली म्हणायला हवे होते.

त्या रात्री आम्ही दोघांनी कॅसेट पुन्हा लावली. दुसरी बाजू संपल्यावर मी भाच्याला सांगितले, की माझे तेव्हाचे बोलणे चुकीचे होते आणि मी ते अंकात लिहिणार आहे. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, ‘लिहा की मामा. पण सगळंच चांगलं आहे असं लिहू नका. त्यातली दोन गाणी खरंच कंटाळवाणी आहेत.’ मी पुन्हा ऐकून पाहिले. दोन नव्हे, एकच आहे. दुसऱ्याविषयी आमचे अजून जमलेले नाही. दत्तजयंतीला तो माणिकनगरला येणार आहे, तेव्हा पुढचा वाद होईल. वाचकांपैकी कुणाच्या माळ्यावर ही कॅसेट पडून असेल, तर त्यांनी ती खाली काढावी, धूळ झटकावी आणि आपला कौल कळवावा.